रुमालात बांधलेले यंत्र

वडगाव निंबाळकरच्या शिवारात नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी ज्याने पाळीने घेतले आहे, त्याला दाराचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. पाणी तेच आणि पाटही तोच. परंतु कोणते दार उघडावे व कोणते मिटावे एवढ्या एका निर्णयावर एका रानात ऊस उभा राहतो आणि शेजारच्या रानात जोंधळा. गेल्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर जमिनीचे ‘ब्लॉक’ पाडून पाण्याच्या पाळ्या बांधून दिल्या. त्या व्यवस्थेचे स्मरण मला एका सर्वस्वी भिन्न विद्येच्या संदर्भात वारंवार होते.

१९८५ मध्ये अमेरिकेतील झायलिंक्स कंपनीने, तिचे एक संस्थापक रॉस फ्रीमन यांच्या कल्पनेतून, एक्ससी २०६४ ही चिप बाजारात आणली. तिच्या पोटात ६४ ब्लॉक होते, आणि ते कोणत्या कामाला लावायचे हे कारखान्यात ठरत नसून घेणाऱ्याच्या जागी, त्याच्या इच्छेने ठरत असे. एफपीजीए या जातीचा हा मूळपुरुष. मात्र दारे आपली असली तरी त्यांची किल्ली कंपनीकडेच राहिली. कारण चिपमध्ये भरावयाच्या बिटप्रवाहाची रचना गुप्त होती, आणि तो प्रवाह सिद्ध करणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या परवान्याशिवाय चालत नव्हते.

हे सॉफ्टवेअर आरंभी डॉसच्या संगणकांवर आणि महागड्या युनिक्स वर्कस्टेशनांवर चाले. लिनक्सवर ते रीतसर आले चालू शतकाच्या पहिल्या दशकात, आणि तेही प्रामुख्याने रेड हॅटच्या व्यावसायिक आवृत्तीला मान्यता देऊन. आमच्याकडच्या विद्यार्थ्यापाशी असे लिनक्सचेच दुसरे रूप, उबुंटू. या अंतरातूनच ते सॉफ्टवेअर बसवण्याची एक स्वतंत्र कारागिरी जन्मास आली, जिची नोंद कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही आणि जिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

परवान्याचेच पाहा. जुन्या काळी वतनाची सनद जशी एका घराण्याच्या नावाने असे, तसा हा परवाना संगणकाच्या नेटवर्क कार्डावरील अंकाशी जखडलेला असे, आणि तो अंक वाचणारी यंत्रणा कार्डाला ‘ईथ०’ याच नावाने हाक मारी. २०१३ नंतर लिनक्सच्या अनेक वितरणांनी कार्डांना नावे देण्याची रीत बदलली. ‘ईथ०’चे ‘ईएनपी३एस०’ झाले, आणि कार्ड तेच, अंक तोच, परवानाही अस्सल असताना केवळ नाव पालटल्यामुळे दप्तरात हक्क सापडेनासा व्हावा, तसा प्रकार घडू लागला. जाणते लोक मग कार्डाचे जुने नाव परत लावून देत. पुढेही विघ्ने होतीच. कित्येक गिगाबाइटांची स्थापना पुरी होत आली असताना शेवटच्या टप्प्यावर तासन्‌तास निश्चल राही. कारण तिला ‘लिबटिनफो’ या ग्रंथालयाची पाचवी आवृत्ती हवी असे आणि संगणकावर सहावी असे. चिप बसवलेल्या बोर्डाला संगणकाशी जोडणाऱ्या केबलचा ड्रायव्हर तर लिनक्सचा कर्नल बदलला की निकामी होई. अखेर एका स्वतंत्र प्रोग्रामकाराने त्याच्या जागी चालेल असे पर्यायी साधन लिहून सर्वांच्या स्वाधीन केले, तेव्हा अनेक प्रयोगशाळांतील बोर्ड पुन्हा बोलू लागले.

या खटाटोपाचे मोल पाहावयाचे तर आपल्याच पुणे जिल्ह्यातील खोडदला जावे. तेथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचे संकेत पूर्वी ठरावीक कामासाठी घडवलेल्या चिपांनी एकत्र केले जात. पुढे ते काम लिनक्स संगणकांच्या समूहाकडे आले, आणि दुर्बिणीच्या नूतनीकरणात व्हर्टेक्स-५ जातीचे एफपीजीए धारण करणारे ‘रोच’ बोर्ड ग्राफिक्स प्रोसेसरांच्या जोडीला येऊन, एका वेळी न्याहाळता येणारा ३२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ४०० पर्यंत विस्तारला. या बोर्डांची रचना ज्या कॅस्पर पद्धतीने होते, तिच्यात मॅटलॅब, झायलिंक्सची साधने आणि लिनक्स या तिघांच्या आवृत्त्या एकमेकींशी तंतोतंत जुळाव्या लागतात. एक पुढे सरकली की बाकीच्या अडून बसतात.

२०१२ मध्ये झायलिंक्सचे व्हिव्हाडो हे नवे साधन आले, आणि त्याने केवळ नव्या पिढीच्या चिपांनाच आपले मानले. व्हर्टेक्स-५ आणि स्पार्टन-६ यांचा सांभाळ आयएसई या जुन्या साधनाकडेच राहिला, आणि त्याची वाढ २०१३ च्या १४.७ या आवृत्तीपाशी थांबली. बोर्ड मात्र थांबले नाहीत. प्रयोगशाळांच्या टेबलांवर ते आजही धडधाकट आहेत. त्यांच्यासाठी जुने लिनक्स, जुने ग्रंथालय आणि जुना परवाना असा सारा सरंजाम एका आभासी यंत्रात बंद करून ठेवण्याचा प्रघात पडला. पुढे खुद्द कंपनीनेही स्पार्टन-६ साठी विंडोज १० वर देऊ केलेले आयएसई अशाच एका लिनक्स यंत्रात घालून दिले. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद जसे रुमालात बांधून फडताळात रचलेले असतात, तशी ती आभासी यंत्रे डिस्कवर पडून असतात, आणि बोर्ड टेबलावर आला की जाणता माणूस त्यांतला नेमका रुमाल सोडतो.