चार्ल्स गोरेन : ब्रिजच्या पानांना मार्क देणारा वकील

मंडळी, मेंढीकोट, झब्बू, बदाम सात हे खेळ आपण कधी शिकलो ते आठवतही नाही. ब्रिजचं तसं नाही. 'तो डोकेबाज लोकांचा खेळ' म्हणून बरेचजण त्याच्या वाटेलाच जात नाहीत. हीच भीती अमेरिकेत कोट्यवधी लोकांच्या मनातून घालवायला एका माणसाचा मोठा हातभार लागला. त्याचं नाव चार्ल्स गोरेन.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाला 13 पानं. पानं टाकण्याआधी बोली लागते : आम्ही इतके हात करू, आणि हुकूम अमुक. बोलले तेवढे हात झाले नाहीत तर दंड बसतो. आजचा काँट्रॅक्ट ब्रिज हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी 1925 साली बोटीच्या प्रवासात घडवला. त्यात बोलीला एवढं महत्त्व आलं की खरी मेख तिथेच बसली. भिडूची पानं दिसत नाहीत आणि आपली त्याला दाखवता येत नाहीत. मग आपल्या पानांत किती दम आहे हे ठरवायचं कसं?

1930 च्या दशकात यावर एली कल्बर्टसन यांचा शब्द चालायचा. त्यांची पद्धत होती 'ऑनर ट्रिक'ची. एकाच रंगाचे एक्का-राजा म्हणजे 2, एक्का-राणी म्हणजे दीड, राजा-राणी 1, सोबत लहान पान असलेला राजा अर्धा. मुरलेल्या खेळाडूला यात काही वाटत नसे. पण जेवणानंतर शेजाऱ्यांसोबत चार डाव खेळायला बसलेल्या माणसाला हे अर्धे-दीड सांभाळणं जड जायचं.

गोरेन यांचा जन्म 1901 सालचा, फिलाडेल्फियाचा. कायदा शिकायला ते कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात गेले. असं सांगतात, की तिथे एका मैत्रिणीसोबत ब्रिज खेळायला बसले आणि इतके वाईट खेळले की ती हसली. ते त्यांना लागलं. मग मिल्टन वर्क या तज्ज्ञाचं पुस्तक मिळवून त्यांनी ते घोटून काढलं. पुढे फिलाडेल्फियात वकिली करता करता ते वर्क यांच्याच हाताखाली काम करू लागले. 1936 साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं आणि वकिली सुटली.

आता मुख्य गोष्ट. एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1. हा हिशेब गोरेन यांनी शोधलेला नाही, बरं का! तो आधीपासून होता आणि मिल्टन वर्क यांनी तो लोकांपर्यंत नेला होता. पण तो मुख्यतः नो ट्रम्पसाठी, म्हणजे बिनहुकमी डावासाठी वापरला जाई. हुकमाच्या डावात तो लंगडा पडायचा, कारण तिथे एखाद्या रंगाचं पानच हातात नसणं हीसुद्धा ताकद असते. त्या रंगाचे हात हुकमाने कापता येतात.

टोरांटोचे विमागणितज्ज्ञ विल्यम अँडरसन यांच्या मदतीने गोरेन यांनी ही फट बुजवली. एखादा रंग अजिबात नसेल तर 3 गुण, एकच पान असेल तर 2, दोनच असतील तर 1. 1940 च्या दशकाअखेरीस हे पुस्तकरूपात आलं आणि कल्बर्टसन यांची पद्धत मागे पडली.

उदाहरण घ्या. इस्पिक एक्का, राजा, 7, 5, 3; बदाम राजा, 9, 8, 4; चौकट गुलाम, 6, 2; आणि किलवरची फक्त अठ्ठी. चित्रांचे 4+3+3+1, म्हणजे 11. किलवरचं एकच पान, त्याचे 2. एकूण 13. गोरेन सांगत, 13 ला पानं बरी असतील तर बोली सुरू करता येते, 14 ला करायचीच. दोघा भिडूंचे मिळून 26 झाले तर बिनहुकमी 9 हात किंवा इस्पिक-बदामात 10 हात बोलायला हरकत नाही. 12 हातांसाठी 33 आणि सगळ्या 13 साठी 37.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. सगळ्या चित्रांचे मिळून गुण होतात 40. तुमच्याकडे चित्रांचेच 33 असतील तर समोरच्यांकडे उरतात 7. दोन एक्क्यांचे 8 होतात, म्हणजे दोन एक्के त्यांच्याकडे असूच शकत नाहीत! 37 असतील तर उरले 3, म्हणजे एकही एक्का नाही.

पद्धतीत दोष आहेतच. एक्क्याला खरं तर 4 पेक्षा जास्त मिळायला हवेत, राणी-गुलामाला थोडे कमी, आणि दश्शीला तर काहीच मिळत नाही. गोरेन यांना याची कल्पना होती. चारही एक्के असतील तर 1 गुण वाढवा, एकही नसेल तर 1 कमी करा, असं त्यांनीच सांगितलं होतं. हाडाचे ब्रिजपटू आजही यावरून वाद घालतात. माझ्या मते तो वाद घालण्याइतपत ब्रिज इतक्या लोकांना येतो, यात गोरेन यांचा वाटा मोठा आहे.

ते नुसते पुस्तकी पंडित नव्हते. 1950 साली बर्म्युडात जगज्जेत्या ठरलेल्या अमेरिकन संघात ते होते. हेलन सोबेल ही त्यांची गाजलेली भिडू. 1958 साली 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले आणि पुढच्याच वर्षी टीव्हीवर त्यांचा ब्रिजचा कार्यक्रम सुरू झाला. पत्त्यांचा डाव लोक घरी बसून टीव्हीवर बघत होते!

गोरेन यांचं निधन 1991 साली झालं. त्यांच्या बोलीतले बरेच नियम तोवर जुने झाले होते. ते इस्पिक-बदामाची चार पानं असली तरी त्या रंगात बोली सुरू करू देत. आज अमेरिकेत बहुतेक खेळाडू पाच पानं लागतात असं मानतात. पण ब्रिजच्या वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर आजही 4-3-2-1 हेच आकडे लिहिले जातात.