मुळशीतले पोर्तोफिनो आणि ताटातला भात

पुण्याहून पिरंगुट, मुठा, टेमघर अशी वाट धरून घाट ओलांडला की मुळशी तालुक्यात अचानक एक इटालियन बंदर समोर येते. पिवळ्या, केशरी, विटकरी रंगांच्या इमारतींची ओळ, खाली पाण्यालगतचा फरसबंद रस्ता, त्यावर मांडलेल्या खुर्च्या आणि छत्र्या. समुद्र मात्र सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात. समोरचे पाणी आहे ते दासवे गावच्या तलावाचे.

शनिवार-रविवारच्या सहलीला येथे आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, खायचे काय आणि कुठे? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर शोधताना मात्र एका बाजूला इटलीच्या लिगुरिया प्रांतातील डोंगरउतारांपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला १९२१ सालच्या मुळशीपर्यंत जावे लागते. हा धागा त्याच शोधाचा.

आधी या गावाविषयी. लवासा हे नाव घडवलेले आहे. मराठीत किंवा इटालियनमध्ये त्याला अर्थ नाही. २००१ मध्ये राज्य शासनाने मोसे खोऱ्यातील १८ गावांचा परिसर गिरिस्थान म्हणून अधिसूचित केला आणि हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या उपकंपनीने तेथे नवे शहर वसवण्यास आरंभ केला. पहिले नगर दासवे येथे उभे राहिले. नमुना म्हणून निवडले गेले पोर्तोफिनो. एका रस्त्याला तर तेच नाव दिले गेले.

पोर्तोफिनोची नक्कल करणारे लवासा पहिले नव्हे. अमेरिकेत ऑरलँडो येथे १९९९ मध्ये याच बंदराच्या धर्तीवर एक संपूर्ण हॉटेल उघडले गेले. रंगवलेल्या भिंती, अर्धवर्तुळाकार किनारा आणि मागचा डोंगर एवढे जमले की पोर्तोफिनो झाले, अशी वास्तुरचनाकारांची समजूत असावी. स्वयंपाकघराची नक्कल करण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही.

मूळचे पोर्तोफिनो हे जेनोवाच्या पूर्वेला असलेले कोळ्यांचे लहानसे गाव. विसाव्या शतकाच्या मध्यात चित्रपटतारे आणि धनिक तेथे येऊ लागले आणि त्याचे भाग्य पालटले. त्यापूर्वीचा लिगुरिया हा चिंचोळा, खडकाळ प्रदेश होता. मागे डोंगर, पुढे समुद्र, मध्ये नांगर चालवण्यापुरतीही सपाटी नाही. तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दगडावर दगड रचून, चुन्याशिवाय, उतारांवर बांध घातले आणि त्या पायऱ्यांवर ऑलिव्ह व द्राक्षे लावली. गव्हाला जागा नव्हती. तो जहाजाने येई. आतल्या डोंगराळ गावांत गरिबाची भाकर चेस्टनट या झाडाच्या फळांच्या पिठाची असे.

लिगुरियाचे सगळे प्रसिद्ध पदार्थ या टंचाईतून आलेले आहेत. पेस्तो घ्या. आपल्याकडे ज्याचे बी फालुद्यात घालतात त्या सब्जाच्या जातीची कोवळी पाने, लसूण, चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे, मीठ, किसलेले चीज आणि ऑलिव्हचे तेल, हे सारे दगडी खलात कुटायचे. पेस्तोची आज ओळखू येईल अशी कृती १८६३ च्या सुमारास जेनोवात छापल्या गेलेल्या पाककृतींच्या पुस्तकात सापडते. मावळातल्या कोणत्याही घरी खलबत्त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा कुटणाऱ्या बाईला ही कृती परकी वाटली नसती.

त्याहून जवळचा पदार्थ म्हणजे फारिनाता. हरभऱ्याचे पीठ, पाणी, तेल, मीठ, बस्स. हे पातळ मिश्रण तांब्याच्या मोठ्या थाळ्यात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. त्याच्या जन्माची एक आख्यायिका जेनोवात सांगतात. १२८४ मध्ये मेलोरियाच्या सागरी युद्धात पिसाचा पराभव करून परतणारे आरमार वादळात सापडले, पिठाची पोती आणि तेलाची पिंपे फुटून खारे पाणी मिसळले आणि भुकेल्या खलाशांनी तो लगदा उन्हात वाळवून खाल्ला. आख्यायिका ती आख्यायिकाच. पण बेसनाचे धिरडे ज्याने खाल्ले आहे, त्याला फारिनाताची ओळख करून द्यावी लागत नाही.

ज्याला आज भूमध्यसागरी आहार म्हणतात, त्याची कीर्तीही तशी अलीकडची. अन्सेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकापासून दक्षिण युरोपातील साध्या, गरीब जेवणाचा आणि हृदयविकाराचा संबंध अभ्यासला; २०१० मध्ये युनेस्कोने या आहारपरंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. डाळी, भरड धान्ये, पालेभाज्या, थोडे मासे, क्वचित मांस. या वर्णनातून ऑलिव्हचे तेल काढले आणि मिरची घातली, तर ते मुळशीच्या जुन्या ताटाचे वर्णन ठरेल. (इटलीचा टोमॅटो आणि मावळची मिरची, दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. १४९२ पूर्वी दोन्ही स्वयंपाकघरांना त्यांची ओळख नव्हती.)

या दोन किनाऱ्यांचा संबंध तसा जुनाच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात मद्याचा उल्लेख आहे आणि त्यातही इटलीच्या मद्याला पसंती असल्याचे लिहिले आहे. पैठण आणि तेर येथून माल याच बंदराकडे जाई. मुळशीच्या शेजारच्या मावळ तालुक्यात, कार्ल्याच्या चैत्यगृहात, खांबांचे दान देणाऱ्या यवनांची नावे आजही वाचता येतात. म्हणजे भूमध्य समुद्राची चव या मुलखाच्या उंबरठ्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच आली होती. तिच्यासाठी डोंगर कोरून नवे बंदर उभारावे लागले नव्हते.

आता मुळशीचे ताट. येथल्या खाचरांतले मानाचे धान्य म्हणजे आंबेमोहर. दाणा आखूड, शिजल्यावर मऊ व किंचित चिकट, आणि भात रटरटू लागला की आंब्याच्या मोहरासारखा दरवळ. पुण्याच्या घरांत तान्ह्या बाळाचा पहिला घास, आजाऱ्याची पेज आणि सणाचा वरणभात या तिन्हींसाठी हाच तांदूळ हवा असे. पीक मात्र नाजूक. उत्पन्न कमी, दिवस जास्त, ताठा उंच आणि वाऱ्यात लोळणारा.

त्याची शेती पावसाच्या कितीतरी आधी सुरू होते. उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या डहाळ्या अंथरून ते भाजतात. यालाच राब म्हणतात. त्या भाजलेल्या जमिनीत रोप तरारते, मग आषाढाच्या पावसात चिखलणी आणि लावणी. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. भात बाजारात जाई, खंडात जाई, सावकाराच्या घरी जाई. पिकवणाऱ्याच्या तव्यावर बहुतेक दिवस नाचणीची भाकरी असे. आणि शहरातला माणूस ज्या वरईला उपासाचे पदार्थ म्हणून पूजतो, ती डोंगरातल्या माणसाचे रोजचे पोट भरीत होती.

हीच भातखाचरे पहिल्या महायुद्धानंतर पाण्याखाली जाऊ लागली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे, पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून पश्चिमेला घाटाखाली सोडायचे आणि त्यावर वीज निर्माण करायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. भूसंपादन कायद्याने जमिनी घेण्याचे काम सुरू झाले. सुमारे पन्नास गावे आणि त्यांतली सर्वांत सुपीक भातशेती बुडिताच्या रेषेत आली.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे प्रमुख. शेकडो मावळे आणि बाया धरणाच्या कामावर जाऊन बसल्या. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. धरणाविरुद्धच्या जगातील अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांमध्ये अभ्यासक त्याची गणना करतात.

लढा हरला, आणि त्याचे एक कारण ताटाशी निगडित आहे. बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याच पुण्यातील सावकारांकडे होत्या. त्यांच्या दृष्टीने खाचर म्हणजे व्याज आणि खंड. वाढीव मोबदला मिळताच त्यांचा विरोध मावळला. कुळाच्या दृष्टीने तेच खाचर म्हणजे वर्षाचे धान्य, आणि त्याचे मोल नोटांत होत नव्हते. १९२४ अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाची गाडी अडवली, दीर्घ कारावास पत्करला आणि आंदोलन संपले. १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह चालू झाले. मुंबई उजळली, खोऱ्यातले भात तळाशी गेले.

लवासाचे मोसे खोरे या धरणापासून वेगळे आहे. ते बाजी पासलकर देशमुखांचे खोरे. तेथे पुढे वरसगावचे धरण आले आणि त्याचे पाणी पुण्याला मिळाले. त्या फुगवट्याच्या काठी, उरलेल्या उतारांवर, एकविसाव्या शतकात इटालियन गाव आले. मुगावसारख्या ठिकाणच्या आदिवासी व शेतकरी कुटुंबांनी जमीन व्यवहारांविरुद्ध तक्रारी केल्या, आंदोलने झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्यास सांगितले, वर्षभराने पहिल्या टप्प्याला सशर्त मंजुरी मिळाली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. रंग उडालेल्या खिडक्यांपुढे छायाचित्रे काढणारी गर्दी अजूनही येते.

या काठावर आजवर जी उपाहारगृहे चालली, त्यांत पंजाबी होते, चिनी होते, अमेरिकी थाटाचे होते, पिझ्झा आणि पास्ताही होता. फारिनाता शोधायला जाऊ नये. लिगुरियाच्या पदार्थांना चव आहे ती गावामागच्या उतारावरच्या तेलाची आणि पाल्याची. दासव्याच्या भिंतींमागे ऑलिव्हच्या बागा नाहीत. तिथे करवंदाच्या जाळ्या आहेत.

म्हणून कुठे खावे याचे उत्तर काठावरून थोडे मागे, मुठा आणि टेमघरच्या वाटेवर, किंवा पौड-मुळशीच्या रस्त्यालगत ‘घरगुती जेवण’ अशी पाटी असलेल्या ओसरीवर मिळते. काय खावे हे महिना ठरवतो. पहिल्या पावसानंतर फोडशी, कुर्डू, टाकळा, भारंगी या रानभाज्या. ओढ्यांना पाणी आले की खेकड्यांचा रस्सा आणि तांदळाची भाकरी. हिवाळ्यात पिठले, नाचणीची भाकरी आणि ठेचा. वैशाखात करवंदे आणि जांभळे, पळसाच्या पानाच्या द्रोणात.

भात मागताना एक चौकशी अवश्य करावी. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हे वाण दिले. ते भरपूर पिकते, त्याला वासही आहे, आणि मावळातल्या शेतकऱ्याला त्याने चार पैसे मिळवून दिले, हे मान्य करायलाच हवे. आज मुळशीत ताटात येतो तो बहुधा इंद्रायणीच. बाजारात आंबेमोहर म्हणून विकला जाणारा तांदूळ पुष्कळदा परप्रांतातून आलेला, दिसायला तसाच असलेला दुसराच वाण असतो.

खरा आंबेमोहर अजून काही शेतकरी लावतात, बहुतेक घरापुरता. तो ओळखण्याची जुनी रीत सोपी आहे. झाकण काढण्याच्या आधीच, भात शिजत असताना, ओसरीवर बसलेल्याला तो कळतो.