प्लाझ्मा प्रावस्थांतर

प्लाझ्मा प्रावस्थांतर म्हणजे अतिउच्च दाबाखाली दाट द्रायूतील इलेक्ट्रॉन अणू-रेणूंपासून मुक्त होऊन विद्युतरोधक द्रायूचे विद्युतवाहक प्लाझ्मात (आयनद्रायूत) होणारे रूपांतर होय. पाण्याची वाफ होताना घनता एकाएकी बदलते. तसाच बदल येथे होतो की रूपांतर सलगपणे घडते, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. गुरू ग्रहाचा बहुतांश अंतर्भाग धातुरूप द्रव हायड्रोजनाचा असल्याने त्याची अंतर्रचना व चुंबकीय क्षेत्र यांचे आकलन या प्रश्नाशी निगडित आहे.

पुंजयामिकीची आवश्यकता

विरळ व तप्त वायूतील आयनीभवनाचे प्रमाण मेघनाद साहा यांच्या १९२० मधील समीकरणाने काढता येते. त्यात कण एकमेकांपासून दूर असल्याचे गृहीत धरलेले असते. दाट द्रायूत शेजारील अणूंचे इलेक्ट्रॉन परस्परांच्या क्षेत्रात शिरतात आणि पाउली यांच्या अपवर्जन तत्त्वानुसार घनतेबरोबर त्यांची ऊर्जा वाढते. परिणामी तापमान तुलनेने कमी असतानाही केवळ दाबाने आयनीभवन घडते. हे वर्तन पुंजयामिकीखेरीज मांडता येत नाही.

इतिहास

हायड्रोजन सुमारे २५ गिगापास्कल दाबाला (सुमारे अडीच लाख वातावरणदाब) धातुरूप होईल, असे भाकीत विग्नर व हंटिंग्टन यांनी १९३५ मध्ये केले. प्रत्यक्षात लागणारा दाब त्याहून पुष्कळ अधिक निघाला. दाट प्लाझ्मातील स्वतंत्र प्रावस्थांतराची कल्पना नॉर्मन व स्तारोस्तिन यांनी १९६८ मध्ये मांडली. १९९६ मध्ये अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत आघात तरंगांनी दाबलेल्या द्रव हायड्रोजनात सुमारे १४० गिगापास्कल दाब व ३,००० केल्विन तापमानाला धातूसारखी विद्युतवाहकता आढळली.

प्रतिमाने व मतभेद

१९६४-६५ मध्ये मांडल्या गेलेल्या घनता फलनक सिद्धांताने इलेक्ट्रॉनांची अवस्था काढून अणुकेंद्रांची गती संगणकावर अनुसरणे, ही प्रचलित पद्धत आहे. पुंजयामिकीय माँटे कार्लो पद्धती अधिक अचूक, परंतु गणनदृष्ट्या खर्चिक आहेत. फलनकाच्या निवडीनुसार संक्रमण दाबाच्या भाकितांत १०० गिगापास्कलहून अधिक फरक पडू शकतो. प्रोटॉन हलका असल्याने त्याची शून्यबिंदू ऊर्जाही विचारात घ्यावी लागते. ती वगळल्यास संक्रमण दाब अधिक येतो.

ड्यूटेरियमवरील २०१५ च्या प्रयोगांत धातुरूपता सुमारे ३०० गिगापास्कलला, तर २०१८ च्या लेसर प्रयोगांत सुमारे २०० गिगापास्कलला आढळली. यंत्र-अध्ययनावर आधारित २०२० मधील एका अभ्यासाने रूपांतर सलग असल्याचा निष्कर्ष काढला. तो वादग्रस्त ठरला आहे.

महाराष्ट्रातील संशोधन

मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात उच्च दाबाखालील पदार्थांच्या अवस्था समीकरणांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. बी. के. गोडवाल, एस. के. सिक्का व आर. चिदंबरम यांनी सुमारे १० टेरापास्कल (१०,००० गिगापास्कल) दाबापर्यंतच्या अवस्था समीकरण सिद्धांतांचा विस्तृत आढावा १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. अतिउच्च दाबाला इलेक्ट्रॉनांचे सरासरी वर्णन करणारे थॉमस-फर्मी प्रतिमान पुरेसे ठरते. त्याहून कमी दाबाला मात्र इलेक्ट्रॉन कवचांची तपशीलवार पुंजयामिकीय गणना करावी लागते. मुंबईतीलच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तीव्र लेसर स्पंदांनी घन पदार्थांपासून निर्माण केलेल्या तप्त, दाट प्लाझ्माचा अभ्यास केला जातो.