खालीं उतरविण्याची विद्या

अंबरनाथच्या पूर्वभागांत, वालधुनीच्या कांठीं, काळ्या पाषाणाचें जें शिवमंदिर उभें आहे, त्याच्या गाभाऱ्यांत जावयाचें तर चढावें लागत नाहीं, उतरावें लागतें. मंडपांतून सुमारें वीस पायऱ्या खालीं गेल्यावर पिंडीचें दर्शन घडतें. तेथील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काल दिलेला असून शिलाहार राजा मम्वाणि ह्याचें नांव आहे. ह्या मंदिराच्या कोरीव कामाची स्तुति पुष्कळांनीं केली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु हे दगड जागेवर नेऊन बसविणाऱ्या मनुष्यांनीं त्या ओझ्याशीं कसा व्यवहार केला असेल, हा विचार प्रेक्षकाच्या मनांत क्वचितच येतो.

त्या काळच्या एका युक्तीची साक्ष माळव्यांत सांपडते. अंबरनाथचें मंदिर ज्या भूमिज घाटाचें आहे, तो घाट माळव्यांतील परमारांच्या राज्यांत फार भरभराटला. परमार भोजानें १०२० च्या सुमारास कोंकण जिंकल्याचा उत्सव केला, असें त्याच्या ताम्रपटांवरून दिसतें. ह्याच भोजाच्या नांवाशीं निगडित असलेलें भोपाळजवळच्या भोजपूरचें मंदिर अपुरें राहिलें, आणि तें अपुरें राहिलें हें इतिहासाच्या दृष्टीनें बरेंच झालें. कारण मोठमोठ्या शिळा वर चढविण्यासाठीं घातलेला मातीचा उतार त्याच्या मागें अद्याप शिल्लक आहे. मंदिर पुरें होतें तर हा उतार काढून टाकला गेला असता.

उतार, पहार, दोर आणि लांकडी ठोकळे एवढ्या सामग्रीवर मनुष्यजातीनें शतकानुशतकें भागविलें. पुढें मळसूत्र आलें. तेराव्या शतकांतील व्हिलार द ओनकूर ह्या फ्रेंच कारागिराच्या चित्रवहींत ओझें उचलण्याच्या मळसूत्राचें रेखाचित्र आहे. मळसूत्राचा गुण असा कीं, तें फिरविणाऱ्यानें हात काढला तरी घर्षणामुळें तें सहसा आपण होऊन उलटें फिरत नाहीं. चढलेलें ओझें चढलेलेंच राहतें. मात्र काम फार धिमें होतें, आणि मनुष्यबळ पुष्कळ लागतें. अमेरिकेंतील शिकागो शहराची जमीन सखल व दलदलीची असल्यामुळें गेल्या शतकापूर्वीच्या शतकांत तेथील इमारती उभ्या वर उचलाव्या लागल्या. १८६० सालीं लेक स्ट्रीटवरील इमारतींची एक सबंध रांग सहाशें माणसांनीं सहा हजार मळसूत्रें थोडथोडीं फिरवून सुमारें साडेचार फूट वर नेली. मळसूत्रें जसजशीं चढत गेलीं, तसतसे गवंडी खालून नवा पाया रचीत गेले. उचलावयाचें मळसूत्रानें, आणि धरावयाचें भिंतीनें, अशी ही वांटणी होती.

ह्या वांटणीचें मोल काय, हें वेल्समधील ब्रिटानिया पुलाच्या हकीकतीवरून कळतें. पाण्याच्या दाबानें ओझें उचलतां येतें, ह्याचें मूळ तत्त्व पास्कल ह्या फ्रेंच पंडितानें सांगितलें; त्याचा ह्या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं छापला गेला. बंद भांड्यांतील पाण्यावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखाच पसरतो. म्हणून लहान दट्ट्यावर थोडें बळ लावलें असतां मोठा दट्ट्या फार मोठें ओझें उचलतो. ह्या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचें पेटंट इंग्लंडांत जोसेफ ब्रामानें १७९५ सालीं घेतलें. पण दट्ट्याच्या बाजूनें पाणी गळे, ही मोठी अडचण होती. ब्रामाच्या कारखान्यांतील हेन्री मॉड्स्ले ह्यानें वाटीच्या आकाराची चामड्याची चकती बसवून ती दूर केली. दाब जितका वाढेल, तितकी ही चकती भिंतीला अधिक घट्ट चिकटते. एवढ्याशा कातड्यावर पुढील सारी कहाणी उभी आहे.

ब्रिटानिया पुलाच्या लोखंडी नळ्या प्रत्येकी दीड हजार टनांच्याही वर वजनाच्या होत्या. त्या पाण्याच्या दाबानें खांबांवर चढविण्याचें काम रॉबर्ट स्टीफन्सन ह्या इंजिनियरकडे होतें. नळी जसजशी वर चढेल तसतसा तिच्या खालीं भराव घालीत जावा, असा त्याचा हुकूम होता. कित्येकांना ही दिरंगाई वाटली असेल. ऑगस्ट १८४९ मध्यें दाबयंत्राचा तळ एकाएकीं फुटला. त्या अपघातांत एक कामगार दगावला. पण प्रचंड नळी कांहीं इंच खचून खालच्या भरावावर टेकली व वांचली. भराव नसता तर ती सामुद्रधुनींत गेली असती. १८५० सालीं पूल सुरू झाला.

पुढें रिचर्ड डजन ह्यानें न्यूयॉर्कमध्यें १८५१ सालीं हातानें वापरण्याजोग्या जलदाबाच्या जॅकचें पेटंट घेतलें. टेम्स नदीच्या कांठीं अडून बसलेलें 'ग्रेट ईस्टर्न' हें जहाज १८५७ च्या अखेरीपासून अनेक प्रयत्न करून ३१ जानेवारी १८५८ रोजीं पाण्यांत ढकललें गेलें, तें ह्याच जातीच्या यंत्रांच्या बळावर. कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ सालीं धांवूं लागली व अंबरनाथ तिच्या वाटेवर आलें. आगगाडीबरोबर जॅकही आला. इंजिनाचीं चाकें बदलावयाचीं तर सबंध इंजिनच वर उचलावें लागतें.

मोटारीनें ह्या प्रश्नाला वेगळें वळण दिलें. १८९१ सालीं पानार व लेव्हासॉर ह्यांनीं इंजिन पुढें, त्यामागें क्लच व दांतेरी चाकांचा गिअरबॉक्स, आणि चाल मागील चाकांना, अशी रचना केली. तीच पुढें रूढ झाली. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी गाडीही त्याच रचनेची होती. ह्या मांडणींत क्लच झिजला कीं गिअरबॉक्स खालीं उतरविल्यावांचून इलाज नाहीं. लहान गाडीचा गिअरबॉक्स तीसचाळीस किलोंचा असतो. मालमोटारीचा त्याच्या कित्येक पट. त्याचा दांडा क्लचच्या चकतीच्या खांचांत शिरलेला असतो. म्हणून तो प्रथम सरळ मागें ओढावा लागतो, आणि दांडा पुरता सुटल्यावरच खालीं घ्यावा लागतो. मध्येंच त्याचें वजन दांड्यावर लोंबकळलें तर चकती वांकते. पुष्कळ मिस्त्री गाडीखालीं उताणे पडून तो छातीवर घेत आले. ही मर्दुमकी आहे, पण शहाणपण नव्हे.

गिअरबॉक्ससाठीं वेगळा जॅक निघाला, तो ह्याचसाठीं. त्याचा पाया रुंद असतो. माथ्यावरील तबक पुढेंमागें व बाजूला कलवितां येतें. आणि गिअरबॉक्स सांखळीनें आंवळतां येतो. मोठ्या गॅरेजांत तो असतोच. परंतु अंबरनाथ पूर्वेसारख्या वस्तींत ज्याला आपल्या आवारांतच गाडी दुरुस्त करण्याची हौस आहे, तो बहुधा साध्या सरकत्या जॅकचेंच रूपांतर करतो. माथ्यावरची वाटी काढून तेथें जाड पत्रा बसवावयाचा, पत्र्याला लोखंडी कोनाचे हात जोडावयाचे, आणि कलविण्यासाठीं चार कोपऱ्यांस लांब बोल्ट ठेवावयाचे. कल्पना चांगली आहे. परंतु तिच्यांत दोन खोडी आहेत. सरकत्या जॅकचा हात सरळ रेषेंत खालीं येत नाहीं, तो कमानींत फिरतो. म्हणून ओझें उतरतांना पुढें किंवा मागें सरकूं पाहतें. जॅकचीं लहान चाकें मोकळेपणीं फिरलीं तर ठीक. खडबडीत फरशीवर तीं अडलीं कीं सारा भार एका बाजूस ओढला जातो. दुसरी खोड अशी कीं, पत्रा व हात ह्यांमुळें ओझ्याचा मध्य वर जातो, आणि पाया मात्र पूर्वीइतकाच अरुंद राहतो. म्हणून जाणते लोक पायालाही रुंद पट्ट्या जोडतात व खालीं जाड लोखंडी पत्रा अंथरून त्यावर जॅक फिरवितात.

ह्याच अंबरनाथांत १९५३ सालीं केंद्र सरकारनें यंत्रांचे नमुने बनविण्याचा कारखाना काढला. २०२१ सालीं आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाल्यावर तो रणगाडे व लष्करी वाहनें बनविणाऱ्या सरकारी कंपनीकडे गेला. अशा कारखान्यांत ओझें उतरविण्याचे नियम लिहिलेले असतात. घरच्या अंगणांत ते कोणी लिहून लावीत नाहीं. तेथें गाडी स्वतः कशावर टेकली आहे, हाच पहिला प्रश्न. जॅकच्या आंत आज तेल असतें, आणि चामड्याच्या जागीं रबर आलें आहे, परंतु तेंही झिजतें. त्या रबराच्या कड्याच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें आणि स्टीफन्सनचा भराव काढून टाकणें सारखेंच. गाडी लोखंडी घोड्यांवर किंवा सागवानी ठोकळ्यांवर, घट्ट व सपाट जमिनीवर, हलवून पाहिल्यावर बसली पाहिजे; विटा कधींच नकोत, त्या न सांगतां फुटतात. मग गिअरबॉक्सखालीं तबक आणावें, सांखळी आंवळावी, शेवटचे दोन बोल्ट सोडावे, आणि दांडा चकतींतून मोकळा झाल्याची खात्री झाल्यावर तेलाची झडप पाव आटाही नव्हे, केसभर सोडावी.