थंड ओढकामाने घडणारी धातूची नळी

सायकलची चौकट, मोटारसायकलचा शॉक ॲब्सॉर्बर, डिझेल इंजिनातील इंधनवाहिनी, वातानुकूलन यंत्रातील तांब्याची नळी आणि इंजेक्शनची सुई या वस्तूंत वरवर पाहता काहीच साम्य नाही. मात्र या सर्वांसाठी लागणारी नळी बहुधा एकाच पद्धतीने अंतिम मापाला आणली जाते. या पद्धतीला थंड ओढकाम किंवा ‘कोल्ड ड्रॉइंग’ असे म्हणतात. तिच्यामुळे नळीला अचूक माप व ताकद मिळते. पण त्याबरोबरच धातूच्या अंगात ताणही साठून राहतो. या ताणाची व्यवस्था कशी लावली जाते, यावर नळीचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

थंड ओढकामात जाड व मोठ्या व्यासाची नळी तिच्याहून लहान छिद्र असलेल्या कठीण साच्यातून, म्हणजे डायमधून ओढून काढतात. ‘थंड’ हा शब्द येथे सापेक्ष अर्थाने वापरला जातो. ओढताना होणाऱ्या घर्षणामुळे नळी हाताला चटका बसण्याइतकी तापू शकते. परंतु धातूचे विस्कटलेले स्फटिककण नव्याने जुळून येण्यासाठी लागते त्यापेक्षा हे तापमान बरेच कमी असते. त्यामुळे धातूत झालेला बदल तसाच टिकून राहतो.

सुरुवातीची नळी दोन प्रकारची असते. पहिली सांधाविरहित. जर्मनीतील रेमशाइड येथील राइनहार्ड व माक्स मान्नेसमान या बंधूंनी १८८५ च्या सुमारास तापलेल्या भरीव पोलादी कांबीला तिरप्या रुळांमध्ये फिरवून पोकळ करण्याची पद्धत शोधली. अशा नळ्यांचे उत्पादन आजही त्याच तत्त्वावर होते. दुसऱ्या प्रकारात पोलादी पट्टी गोल वळवून तिच्या कडा विजेच्या साहाय्याने जोडतात. या नळीच्या आतील सांध्याचा उंचवटा ओढण्यापूर्वी तासून काढावा लागतो.

नळी आम्लात धुऊन तिच्यावरील गंज व पापुद्रा काढला जातो. त्यानंतर पोलादी नळीवर फॉस्फेटचा पातळ थर चढवून ती साबणाच्या द्रावणात बुडवतात. फॉस्फेटचा थर साबणाला धरून ठेवतो आणि साबण वंगणाचे काम करतो. हा थर कुठे तुटला तर डाय व नळी यांचे धातू एकमेकांना चिकटतात आणि नळीवर लांबलचक ओरखडे उमटतात. नळीचे एक टोक ठोकून निमुळते करतात, ते डायमधून पलीकडे काढतात आणि ड्रॉ-बेंच या लांब यंत्रावरील पकडीत देतात. साखळी किंवा हायड्रॉलिक दाबाने चालणारी ही पकड संपूर्ण नळी ओढून नेते. डाय बहुधा टंगस्टन कार्बाइडची असते. १९२३ मध्ये जर्मनीत विकसित झालेला हा पदार्थ मुळात तार ओढण्याच्या महागड्या हिऱ्याच्या डायला पर्याय म्हणून शोधला गेला होता.

नळीच्या आत काय ठेवले जाते, त्यावरून ओढकामाचे प्रकार पडतात. आत काहीच न ठेवल्यास व्यास कमी होतो; परंतु भिंतीची जाडी फारशी बदलत नाही आणि आतील पृष्ठभाग खडबडीत होतो. आत सळईच्या टोकाला बसवलेला प्लग डायच्या तोंडाशी स्थिर ठेवल्यास भिंतीची जाडी व आतील व्यास दोन्ही नेमके मिळतात. तांब्याच्या शेकडो मीटर लांब वेटोळ्यांसाठी मात्र सळई वापरता येत नाही. तेथे विशिष्ट आकाराचा सुटा प्लग घर्षणाच्या बळावर आपोआप जागेवर तरंगत राहतो. चौथ्या प्रकारात आतील लांब दांडा, म्हणजे मॅन्ड्रेल, नळीबरोबरच पुढे सरकतो.

या क्रियेत धातू कमी होत नाही, तो फक्त लांबतो. उदाहरणार्थ, ५० मिलिमीटर व्यासाची, ४ मिलिमीटर जाडीची आणि ६ मीटर लांबीची नळी ४२ मिलिमीटर व्यास व ३.२ मिलिमीटर जाडीपर्यंत ओढल्यास तिची लांबी सुमारे ८.९ मीटर होते. येथे छेदाचे क्षेत्रफळ जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. एका फेरीत याहून फार पुढे जाता येत नाही, कारण ओढण्याचे सारे बळ डायमधून बाहेर पडलेल्या बारीक भागावरच येते आणि तोच तुटू शकतो. म्हणून अनेक फेऱ्या घ्याव्या लागतात. इन्सुलिनच्या सुईची सुमारे ०.३ मिलिमीटर व्यासाची नळी अशीच टप्प्याटप्प्याने बारीक होत जाते.

अचूकता हा या पद्धतीचा मोठा गुण होय. गरम लाटलेल्या नळीच्या जाडीत साडेबारा टक्क्यांपर्यंतचा फरक सामान्यतः मान्य केला जातो. उलट युरोपीय मानकानुसार थंड ओढलेल्या ३० मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या बाह्य मापात केवळ ०.०८ मिलिमीटर कमी-अधिक चालते. दुसरा गुण ताकदीचा. ई-३५५ या प्रचलित पोलादाची नळी ओढून तशीच ठेवल्यास तिची तन्य ताकद किमान ६४० मेगापास्कल असते. मात्र तुटण्यापूर्वी ती अवघी ४ टक्के लांबण्याची हमी असते. हीच नळी पूर्ण तापवून सावकाश थंड केल्यास ताकदीची किमान मर्यादा ४५० वर उतरते, पण लांबण्याची क्षमता २२ टक्क्यांवर जाते. धातू तोच, माप तेच. स्वभाव मात्र निराळा.

साठलेल्या ताणाकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण हिंदुस्थानातलेच आहे. थंड अवस्थेत ओढून घडवलेली ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि वापरण्यापूर्वीच त्यांना चिरा पडत. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये त्याचे कारण उलगडले. घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळात उरलेला ताण हे तिन्ही एकत्र आल्यावर धातू आपोआप फाटत असे. उपाय सोपा होता. पितळ सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ताण ओसरतो आणि ताकद मात्र बव्हंशी टिकते. पितळी नळ्यांनाही हाच नियम लागू पडतो.

भारतात या उद्योगाची वाट सायकलने तयार केली. चेन्नईजवळील आवडी येथे १९५५ मध्ये ट्यूब प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीची स्थापना झाली. महाराष्ट्रात इंडियन सीमलेस मेटल ट्यूब्ज या १९७७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने आजच्या अहिल्यानगर येथे सांधाविरहित नळ्यांचा कारखाना उभारला. २०२२ मध्ये ती किर्लोस्कर फेरसच्या ताब्यात गेली.

नळी मागवताना व्यास, जाडी आणि धातू यांची नोंद सहसा चुकत नाही. तितकीच महत्त्वाची बाब म्हणजे ओढल्यानंतर तिच्यावर झालेली उष्णताप्रक्रिया. वाकवायच्या नळीला मऊपणा हवा, सरळ राहून भार पेलणाऱ्या नळीला कठीणपणा हवा आणि यंत्रावर कातायच्या नळीतील ताण आधीच काढलेला हवा. अन्यथा कातताना ती वाकडी होते. युरोपीय मानकात त्यासाठी सी, एलसी, एसआर, ए आणि एन अशा खुणा ठरवून दिल्या आहेत. मागणीपत्रात या खुणेची जागा कोरी राहिली, तर मोजपट्टीवर तंतोतंत उतरलेली नळीही कामात दगा देऊ शकते.