तुळस, हळद आणि बिनमिठाचा भात : मनाईचा कागद कसा वाचायचा

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक सादरीकरण केलं होतं. विषय होता गोव्याच्या इन्क्विझिशनचा १४ एप्रिल १७३६ चा जाहीरनामा. नवख्रिस्ती घरांत कोणकोणत्या हिंदू चालीरीती चालणार नाहीत याची ती लांबलचक यादी. मी यादी वाचून दाखवली आणि ठोकून दिलं : 'अशा रीतीने अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्रथा नष्ट झाल्या.' माझ्या मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "गावात कोणीच पोहत नसेल, तर तळ्यावर 'पोहण्यास मनाई' अशी पाटी कोण लावेल?"

माझं तोंड बंद झालं. तुमचं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी यादीत काय होतं ते पाहू. लग्नात वोवियो, म्हणजे आपल्या ओव्या, गायच्या नाहीत. नवरानवरीला हळद, खोबरेल, नारळाचं दूध लावायचं नाही. विडासुपारी आणि फुलं वाटायची नाहीत. सोयरेधायऱ्यांकडे पदार्थ पाठवायचे नाहीत. पुरुषांनी पुडवें म्हणजे धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. दारात, परसात तुळस लावायची नाही. मेलेल्यांच्या नावाने जेवणं घालायची नाहीत. आणि माझं सगळ्यात आवडतं कलम : भात बिनमिठाचा शिजवून मीठ मागाहून घ्यायचं नाही, कारण हिंदू तसं करतात.

या शेवटच्या कलमापाशी जरा थांबा. तुमच्याआमच्या घरी आजही भात अळणीच शिजतो आणि मीठ ताटात वरच्या टोकाला वाढलेलं असतं. आपल्याला त्यात धर्म दिसत नाही, पण कलम लिहिणाऱ्याला दिसला. म्हणजे ज्या 'घातक' प्रभावापासून श्रद्धा आणि कुटुंब वाचवायचं होतं, तो त्याच्या मते देवळापुरता नव्हता. देवळं तर तोपर्यंत गेलेलीच होती : कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आता धोका चुलीपाशी, माटवात, माजघरात होता. शिवाय यादीतली बरीच कामं बायकांची आहेत. हे लक्षात आलं की कागद वेगळाच वाचला जातो.

मग मनाई म्हणजे प्रथा जिवंत असल्याचा पुरावा, असं सरळ म्हणायचं का? इथे दुसरा खड्डा आहे आणि हुशार विद्यार्थी नेमके यात पडतात. मनाईच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असू शकतात. स्पेन-पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनचे असे जाहीरनामे चर्चमध्ये वाचून दाखवायची रीतच होती. तिथे लक्ष्य होते बाप्तिस्मा घेतलेले ज्यू, आणि तिथल्या याद्यांतही स्वयंपाकघर होतंच : डुकराचं मांस कोण टाळतं, शुक्रवारी संध्याकाळी धुतलेले कपडे कोण घालतं. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला कसं ओळखावं याचं ते मार्गदर्शन होतं. गोव्याचा जाहीरनामा याच घराण्यातला. तेव्हा एखादी ओळ जुन्या साच्यातून आली की शेजारच्या गावातून, हे ओळखायचं कसं?

मला उपयोगी पडलेली एक खूण सांगते. पोर्तुगीज मजकुरात अचानक जे देशी शब्द डोकावतात, ते शोधा. वोवियो, पुडवें, चोळी. कारकुनाकडे या वस्तूंना पोर्तुगीज शब्द नव्हता, म्हणून त्याला लोकांचाच शब्द उचलावा लागला. लिस्बनहून आलेल्या साच्यात वोवियो असणार नाही. ती कोणीतरी ऐकली, कोणीतरी सांगितली. म्हणून अशा शब्दांवर मी जास्त वजन टाकते. हा अंतिम पुरावा नव्हे, पण पाय ठेवायला जागा आहे.

आता 'ओवी' हा शब्द हातात आलाच आहे, तर एकशेवीस वर्षं मागे जाऊ. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. त्यालाही हीच काळजी होती : बाप्तिस्मा घेतलेली माणसं जुन्या कथा-पुराणांकडे परत वळू नयेत. त्यानं उपाय मात्र वेगळा केला. त्यानं मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. १६१६ मध्ये राशोलला ते रोमन लिपीत छापलं गेलं (देवनागरीत यायला १९५६ उजाडलं, शांताराम बंडेलू यांच्या संपादनात). जुनी पुराणं बंद केलीत तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरं काही द्या, अशी श्रोत्याची मागणी त्या ग्रंथाच्या आरंभीच येते. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. भूक तीच आहे, ताटातला पदार्थ बदला, असं कोणीतरी धर्मगुरूला सुचवतो आहे आणि धर्मगुरू ऐकतो आहे.

म्हणजे एकाच चर्चच्या छायेत, एकाच भीतीपोटी, १६१६ मध्ये ओवी हे श्रद्धा राखण्याचं साधन होतं आणि १७३६ मध्ये लग्नातली ओवी श्रद्धेला धोका ठरली. मधल्या काळात काय झालं?

बरंच काही. १६८४ मध्ये व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होरनं देशी भाषेऐवजी पोर्तुगीज बोलण्याची सक्ती करणारा हुकूम काढला. तिकडे तमिळ मुलखात रोबेर्तो दे नोबिली १६०६ पासून मदुराईत संन्याशाच्या वेशात राहत होता. जानवं, शेंडी, चंदन, स्नान या गोष्टी समाजाच्या आहेत, धर्माच्या नाहीत, असं त्याचं म्हणणं. १६२३ मध्ये पोप पंधराव्या ग्रेगरीनं ते अटींसह मान्य केलं. पण वाद मिटला नाही. १७०४ मध्ये पोपचा प्रतिनिधी तूर्नों यानं पाँडिचेरीला अशा अनेक रीतींवर बंदी घातली आणि १७४४ मध्ये चौदाव्या बेनेडिक्टनं ती पक्की केली. गोव्याचा जाहीरनामा या दोन तारखांच्या मधोमध बसतो. त्याला निव्वळ 'गोव्याचा क्रूरपणा' म्हणून सुटा वाचलात, तर रोमपासून मदुराईपर्यंत पेटलेला एक प्रश्न हातून निसटतो : चालरीत कुठे संपते आणि पूजा कुठे सुरू होते? नोबिली ही रेघ एका जागी ओढत होता, इन्क्विझिटर दुसऱ्या जागी. तुळशीबद्दल इन्क्विझिटरला झालेला संशय निराधार नव्हता, असं मी प्रामाणिकपणे म्हणेन. भाताबद्दलचा मात्र हास्यास्पद होता. तुमचं मत वेगळं असू शकतं. पण मत बनवण्याआधी दोघांच्या रेघा नीट पाहा.

क्रूरपणा नव्हता असा याचा अर्थ कृपया काढू नका. हल्ली हा विषय काढला की एक बाजू जाहीरनाम्याचा फोटो तोंडावर फेकते, दुसरी 'तेव्हा सगळीकडे असंच होतं' म्हणून सोडून देते. दोन्ही बाजूंना कागद वाचायचा नसतो. माझ्या वाचनात यातली सर्वांत निष्ठुर कलमं सोयऱ्यांबद्दलची आहेत. १७३६ मध्ये फोंडा अजून पोर्तुगीजांकडे नव्हता. कित्येक कुळांत एक भाऊ बाप्तिस्मा घेऊन साष्टीत राहिलेला, दुसरा देव घेऊन नदीपलीकडे गेलेला. लग्नाचं ताट, विडा, फुलं, श्राद्धाचं जेवण हे त्या दोन घरांतले उरलेसुरले धागे. कुटुंब वाचवायला निघालेला कागद आधी कुटुंबाचीच व्याख्या बदलत होता : तुझा सख्खा चुलता यापुढे तुझा नव्हे, प्रभाव आहे.

या कामात अडचण साधनांची. १८१२ मध्ये इन्क्विझिशन कायमचं बंद झालं आणि गोव्यातली बहुतेक दप्तरं जाळून टाकली गेली. खटल्यांची एक सूची लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, पण ती १६२३ पर्यंतचीच. १७३६ च्या आरोपींचा आवाज कागदावर मिळणं अवघड. त्यामुळे सुरुवात अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथापासून करा, मग रोवेना रॉबिन्सन यांचं दक्षिण गोव्यातल्या ख्रिस्ती जीवनावरचं पुस्तक घ्या. पहिल्यात मनाई दिसते, दुसऱ्यात मनाईनंतरची माणसं. कार्लो गिन्झबुर्गचा इन्क्विझिटरला मानववंशशास्त्रज्ञ म्हणून पाहणारा निबंधही वाचा, पण तो गोव्यावर तसाच्या तसा चिकटवू नका. त्याच्यापुढे साक्षी होत्या, आपल्यापुढे यादी आहे.

आणि दप्तराबाहेर पडा. दोन वर्षांपूर्वी साष्टीतल्या एका मैत्रिणीच्या रोसला गेले होते. रोस म्हणजे लग्नाआधी नवरीला नारळाचं दूध लावायचा विधी. माटव घातलेला, बायका गोल बसलेल्या, त्यातल्या एक ऐंशीच्या आजी गाणं सांगत होत्या आणि बाकीच्या मागून ओढत होत्या. मी वहीत १७३६ ची कलमं लिहून नेली होती, हळूच खुणा करत होते : गाणं, नारळाचं दूध, माटव. माझी वही आजींना दिसली. "किते बरयता गो?" मी म्हटलं, आजी, ही गाणी कधीकाळी बंद केली होती म्हणे. त्यांनी माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं. बंद कशी करतील, म्हणाल्या, आम्ही सुरुवातच क्रुसाची खूण करून करतो. आणि वाटीत बोटं बुडवून त्यांनी नवरीच्या कपाळावर नारळाच्या दुधाचा क्रूस काढला.