इंदापूर ते नागूर

मालोजीराजे भोसल्यांना मूल होत नव्हते. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) शाह शरीफ पिराला नवस झाला आणि मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली गेली, ही हकिकत आपल्या वाचकांना ठाऊक आहे. हेच मालोजी पुढे इंदापूरच्या लढाईत पडले, असे इतिहासकार सांगतात. काटेवाडीचा माणूस कामाधंद्याला इंदापूरला जातो तो या इतिहासाच्या अंगावरूनच. पण हा धागा पार बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचतो, याची आपल्याकडे फारशी वाच्यता होत नाही.

शहाजीपुत्र व्यंकोजींनी तंजावरला गादी स्थापली. त्यांचे नातू, म्हणजे मालोजींचे खापरपणतू प्रतापसिंह (कारकीर्द १७३९ ते १७६३) यांनी नागूरला हजरत शाहुल हमीद यांच्या दर्ग्याला मिनार बांधून दिला. तिथल्या पाच मिनारांत तो सर्वांत उंच, १३१ फुटांचा.

वेळांकणीचे त्सुनामी स्मारक पाहायला जाणाऱ्याने म्हणूनच तिथून परत फिरू नये. नागपट्टणम ओलांडून उत्तरेला नागूरपर्यंत जावे. २६ डिसेंबर २००४, नाताळचा दुसरा दिवस, रविवार. सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि अडीच-तीन तासांत लाटा या किनाऱ्यावर आल्या. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे गेली. त्यात कोळी होते, किनाऱ्यावर खेळणारी पोरे होती, वेळांकणीच्या माउलीला आलेले यात्रेकरू होते. प्रेतांची ओळख पटेना, रोगराईची धास्ती. एकेकाचे दहन करायला सवड कुठली? सामुदायिक खड्डे खणले गेले.

त्या दिवसांत नागूर दर्ग्याने आपली जमीन दफनासाठी खुली केली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कोण कुठला हे कुणी विचारले नाही. उघड्यावर पडलेल्यांना आसरा आणि अन्नही दर्ग्याने दिले. वर कडलूर जिल्ह्यात परंगीपेट्टैच्या जमातीने कोळी वस्त्यांना दिवसेंदिवस शिजवलेले अन्न पोचवले. दंगल झाली की मोहल्ल्यांची नावे ठळक छापणाऱ्या वर्तमानपत्रांनी या बातम्या कोपऱ्यात टाकल्या, असे माझे मत आहे.

स्मारकाचा दगड सरकार उभारते, दरवर्षी २६ डिसेंबरला तिथे फुले वाहिली जातात, ते योग्यच. पण ज्या मातीत अनोळखी माणसे शेजारी-शेजारी झोपली आहेत, तिची नोंद इतिहासाने वेगळी घ्यायला हवी. राजाने मिनार दिला तेव्हा दर्ग्याने त्याचा धर्म विचारला नव्हता. अडीचशे वर्षांनी त्याच्या प्रजेच्या वंशजांनाही विचारला नाही.

नागूरच्या उरुसाला तिथे ‘कंदुरी’ म्हणतात. चौदा दिवस चालतो. निशाणाची मिरवणूक नागपट्टणमहून निघते आणि तीत हिंदू मोठ्या संख्येने असतात. आपल्याकडेही पिराच्या जेवणाला हाच शब्द आहे, आणि त्या पंगतीला मराठा, धनगर, मुलाणी सगळेच बसतात.